गळीत हंगाम चालू असताना चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर कसं न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिकोडी भागातल्या साखर कारखान्यात प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) दोन सर्व्हर आहेत. जुन्यावर वजनकाट्याचं आणि ऊस बिलांचं अशी दोन व्हीएम चालू आहेत, नवा रिकामा आहे. जुन्यात रॅम वाढवायची आहे, पण काटा चोवीस तास चालतो. व्हीएम बंद न करता नव्यावर नेता येतील का?

येतील. हलवायची आज्ञा एका ओळीची आहे. सगळी मेहनत त्याआधीची: व्हीएम जुन्या मशीनला कशाकशाने बांधलं गेलंय ते शोधून सोडवायचं. आणि स्पष्टच सांगतो, त्यातल्या एक-दोन गोष्टींसाठी व्हीएम एकदा बंद करावं लागण्याची शक्यता आहे. फक्त ती पाच मिनिटं तुम्ही निवडायची. साफसफाईसाठी गाळप थांबलेलं असतं, काट्यावर ट्रॅक्टर नसतात, तेव्हा उरकून घ्या.

आधी प्रोसेसर बघा. व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' असेल तर आतल्या विंडोजने किंवा लिनक्सने सुरू होतानाच जुन्या प्रोसेसरला काय काय येतं ते टिपून ठेवलेलं असतं. नव्या मशीनला त्यातलं एखादं येत नसेल तर व्हीएम तिथे पोचून गोठतं किंवा कोसळतं. वाईट भाग असा की लॉगमध्ये मायग्रेशन (व्हीएम हलवणं) यशस्वी झाल्याचंच दिसतं. दोन्ही मशीनना झेपेल असा प्रकार ठेवा. 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' बहुतेक ठिकाणी पुरतो. हा बदल लागू व्हायला व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं; आतून रीस्टार्ट दिलेलं चालत नाही. एक सर्व्हर इंटेलचा आणि दुसरा एएमडीचा असेल तर चालू व्हीएम हलवण्याच्या भरीस पडू नका.

दुसरी अडचण काट्याच्या सॉफ्टवेअरची. लायसन्सचा यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली) सर्व्हरला लावून व्हीएमला जोडलेला असतो, आणि असं व्हीएम चालू स्थितीत हलतच नाही, प्रॉक्समॉक्स सुरुवातीलाच नकार देतं. डोंगल नेटवर्कवरून देणारं छोटं यूएसबी सर्व्हर यंत्र मिळतं, त्यात डोंगल लावा आणि व्हीएममध्ये त्याचा क्लायंट टाका. तो डोंगल अशा जोडणीवर चालतो का हे सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारा. काट्याच्या इंडिकेटरची सीरियल वायर सर्व्हरपर्यंत ओढली असेल तर तिथेही सीरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर बसवा. व्हीएम हलताना त्याचा आयपी आणि मॅक पत्ता त्याच्यासोबतच जातो, त्यामुळे कन्व्हर्टरचं चालू कनेक्शन तुटत नाही.

बाकी किरकोळ, पण अडवणारं: व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये विंडोजची आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) तशीच राहिली असेल तर काढा. लोकल (त्याच सर्व्हरमधल्या) डिस्कवर स्नॅपशॉट (व्हीएमची जतन केलेली जुनी स्थिती) असतील तर तेही काढा. ब्रिजचं (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) नाव दोन्हीकडे एकच हवं, व्हीएलएएन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) वापरत असाल तर नव्या सर्व्हरच्या स्विच पोर्टवरही तेच हवेत. नव्यावर दोन्ही व्हीएम मावतील एवढी रॅम खरोखर मोकळी आहे का ते पाहा. झेडएफएस ही डिस्कवरची फाइल सिस्टिम वापरत असाल तर ती स्वतःच्या कॅशसाठी बरीच रॅम धरून बसते.

क्लस्टर (दोन्ही सर्व्हरचा एकत्र गट) अजून केलं नसेल तर ते जुन्या सर्व्हरवर तयार करा आणि रिकामा नवा त्यात सामील करा. उलटं होत नाही, कारण सामील होणाऱ्या सर्व्हरवर एकही व्हीएम असून चालत नाही.

आता नेटवर्क. दोन्ही सर्व्हरमध्ये दहा गिगाबिटची कार्डं घालून एकच डॅक केबल (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तांब्याची केबल) थेट जोडा, मध्ये स्विच लागत नाही. त्या केबलला वेगळा पत्ता-गट द्या, समजा १०.१०.१०.०/२४, आणि डेटासेंटरच्या पर्यायांमध्ये तोच मायग्रेशनसाठी निवडा. एक गिगाबिटवरही काम होतं, हिशेब मात्र बघा: सेकंदाला साधारण ११० एमबी हाती येतात. १६ जीबी रॅमला अडीच मिनिटं लागतील. ३०० जीबीची लोकल डिस्कही न्यायची तर आणखी पाऊण तास, आणि तेवढा वेळ ऑफिसचं नेटवर्क सुस्त. डिस्क दोन्ही सर्व्हरना दिसणाऱ्या सामायिक स्टोरेजवर असेल तर फक्त रॅमच जाते.

आत काय होतं हे कळलं की वेळ निवडणं सोपं जातं. लोकल डिस्क असेल तर आधी ती पलीकडे जाते, आणि तोवर होणारं नवं लिखाणही दोन्हीकडे होत राहतं. मग रॅमची पानं (छोटे तुकडे) जातात. ती जात असताना व्हीएम चालूच असतं, म्हणून काही पानं बदलतात. बदललेली पुन्हा पाठवतात, त्यात बदललेली परत पाठवतात. उरलेला ढीग लहान झाला की व्हीएम क्षणभर थांबवून तो पाठवतात आणि व्हीएम पलीकडे सुरू होतं. हा थांबा सहसा सेकंदाच्या काही अंशाचा. पण पानं बदलण्याचा वेग केबलच्या वेगापेक्षा जास्त असेल तर गाळपापेक्षा जास्त ऊस गव्हाणीत पडावा तसं होतं, रांग हटत नाही. अशा वेळी प्रॉक्समॉक्स चालेल तो थांबा आपणहून वाढवत जातं, आणि लॉगमध्ये 'ऑटो-इन्क्रीज्ड डाउनटाइम' अशी ओळ येते. एकदा आली तर सोडून द्या. आकडा दुप्पट-दुप्पट होत निघाला तर रद्द करा. रद्द केल्याने काही बिघडत नाही, व्हीएम जुन्यावर चालूच असतं. म्हणूनच पंधरवड्याची बिलं निघत असताना किंवा डेटाबेसचा बॅकअप चालू असताना बिलांचं व्हीएम हलवू नका.

आज्ञा अशी: 'क्यूएम मायग्रेट', मग व्हीएमचा क्रमांक, नव्या सर्व्हरचं नाव, 'ऑनलाइन' हा पर्याय आणि लोकल डिस्क असेल तर 'विथ-लोकल-डिस्क्स'. नव्यावर स्टोरेजचं नाव वेगळं असेल तर 'टार्गेटस्टोरेज'ही द्या. वेबपानावरचं मायग्रेट बटण हेच करतं. पहिल्यांदा एखादं बिनकामाचं छोटं व्हीएम हलवून बघा, काट्याचं शेवटी. काट्यावरच्या पीसीवरून त्या व्हीएमला सतत पिंग लावून ठेवा: एखादा पिंग उशिरा आला किंवा हरवला तर ते ठीक. सलग दहा-पंधरा हरवले तर व्हीएमची जागा बदलल्याचं स्विचला कळलेलं नाही; स्विचवरची पोर्ट सिक्युरिटी किंवा व्हीएलएएन तपासा. शेवटी लॉगमध्ये सरासरी वेग आणि प्रत्यक्ष थांबा मिलिसेकंदांत छापून येतो.

यापुढची चूक सगळ्यात महाग पडते. दोनच सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये जुना बंद केला की नव्याकडे बहुमत (अर्ध्याहून जास्त मतं) उरत नाही. चालू व्हीएम चालत राहतात, पण बंद पडलेलं व्हीएम पुन्हा सुरू करता येत नाही. व्हीएम एचए (सर्व्हर पडला तर व्हीएम आपोआप दुसरीकडे सुरू करण्याची सोय) यादीत असेल तर आणखी कठीण: बहुमत गेल्यावर नवा सर्व्हर मिनिटभरात स्वतःला रीसेट करतो, आणि काटा बंद. त्यामुळे व्हीएम एचएमधून बऱ्याच आधी काढून ठेवा. कायमचा उपाय म्हणजे तिसरं छोटं मशीन, अगदी रास्पबेरी पायही चालेल, क्यूडिव्हाइस म्हणून मतासाठी जोडणं. ते आज शक्य नसेल तर जुना बंद झाल्यावर नव्यावर 'पीव्हीईसीएम एक्सपेक्टेड १' द्या.

जुना बंद आहे तर प्रॉक्समॉक्सही अपग्रेड करून टाकू, असा मोह आवरा किंवा नीट क्रम लावा. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर व्हीएम जातं. नव्या आवृत्तीवरून जुन्या आवृत्तीवर जाईल याची खात्री नाही. बॅकअपचं कामही तपासा. ते जुन्याच सर्व्हरपुरतं लावलेलं असेल तर हलवलेल्या व्हीएमचा बॅकअप गुपचूप बंद होतो.

आणि नवी रॅम घातल्यावर व्हीएम लगेच परत आणू नका. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू द्या. काटा नव्यावर चालूच आहे, घाई कुणालाच नाही.