केअर प्लॅनमध्ये ‘न्यूमोनियामुळे’ का चालत नाही?

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केअर प्लॅनमध्ये (रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात) ‘न्यूमोनियामुळे श्वसनमार्ग मोकळा न राहणे’ असं लिहिलं, तर मॅडमनी ‘न्यूमोनियामुळे’वर काट मारली. रुग्णाला न्यूमोनियाच आहे, मग हरकत काय? आणि नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे परिचारिकेने रुग्णाच्या त्रासाचं केलेलं निदान, ठरावीक यादीतूनच का घ्यायचं?

उत्तर : काट योग्यच आहे. कारणाच्या जागी असं काही हवं, ज्यावर परिचारिका स्वतः उपाय करू शकेल. न्यूमोनियावर अँटिबायोटिक लिहून देणं डॉक्टरांचं काम. तुमच्या हातात आहे तो घट्ट कफ आणि रुग्णाचा दुबळा खोकला. म्हणून असं लिहा : ‘श्वसनमार्ग मोकळा न राहणे, कारण – घट्ट, चिकट कफ व दुबळा खोकला, लक्षणं – छातीत घरघर, श्वासाची गती मिनिटाला २८, कफ न सुटणे.’ आता पुढचं आपोआप सुचतं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलायची, दीर्घ श्वास घेऊन खोकायला शिकवायचं, मनाई नसेल तर पाणी वाढवायचं, जमतच नसेल तर सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं. उपयोग झाला की नाही, हे तीच लक्षणं पुन्हा तपासून कळतं. आजाराचं नाव हवंच असेल तर कारणानंतर ‘न्यूमोनियाच्या अनुषंगाने’ असं जोडा.

दुसरी नेहमीची चूक ‘धोका’ प्रकारात, म्हणजे त्रास अजून झालेला नाही पण होऊ शकतो अशा निदानात होते. धोक्याच्या निदानात लक्षणं लिहायचीच नाहीत. धोका आणि तो वाढवणारे घटक, एवढंच. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहा. बोट काढल्यावर ती जागा फिकी न पडता लालच दिसत असेल, तर ती पहिल्या टप्प्याची दाबजखम (सतत दाब पडून होणारी जखम) आहे. तिथे ‘धोका’ लिहून चालणार नाही. (गडद त्वचेत लाली चटकन दिसत नाही, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, थंड, कडक किंवा दुखरी आहे का, ते पाहावं.)

यादीबद्दल. एकाच त्रासाला प्रत्येक वॉर्डात वेगळा शब्द वापरला, तर पाळी बदलताना गोंधळ होतो आणि नोंदींची तुलना करता येत नाही. यासाठी १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला पहिली परिषद भरली. तिच्यातूनच १९८२ मध्ये नांदा (NANDA) ही नर्सिंग निदानांची यादी ठरवणारी संघटना उभी राहिली. तिच्या यादीच्या सध्याच्या रचनेत १३ क्षेत्रं आणि त्यांखाली वर्ग आहेत. प्रत्येक निदानाला पाच अंकी कोड, व्याख्या आणि निकष आहेत. नाव ओळखीचं वाटलं म्हणून उचलू नका, व्याख्या वाचा. घरघर नाही, कफ नाही, पण ऑक्सिजनचं प्रमाण घसरलंय, अशा वेळी ‘श्वसनमार्ग मोकळा न राहणे’ऐवजी फुप्फुसातली वायूंची देवाणघेवाण बिघडली आहे का, ते आधी तपासावं लागतं.

सीनियरकडून मिळालेलं या यादीचं जुनं हँडबुक मात्र जपून वापरा. साधारण दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते, काही नावं बदलतात, काही वगळली जातात. पडण्याच्या धोक्याचं पूर्वी एकच निदान होतं. २०२१–२३ च्या आवृत्तीपासून प्रौढांसाठी वेगळं आणि मुलांसाठी वेगळं आहे.