भूक मोजायची कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सरकारी सर्व्हेत जवळपास प्रत्येक घराला पोटभर जेवण मिळतं म्हणे. मग कुपोषणाच्या बातम्या येतात कुठून? (वाचक, बीड)

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००४-०५च्या फेरीत ग्रामीण भागातल्या ९७.४ टक्के आणि शहरी भागातल्या ९९.४ टक्के घरांनी वर्षभर रोज पुरेसं अन्न मिळतं, असं सांगितलं. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ४८ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी भरली. पहिल्या ठिकाणी माणसाला विचारलं, दुसऱ्या ठिकाणी मुलाची उंची मोजली. दारात वही घेऊन आलेल्या परक्याला, शेजारी कान टवकारून उभे असताना, ‘आम्हाला पुरत नाही हो’ असं कोण सांगणार? आणि उत्तर देतो बहुधा घरातला कर्ता. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला कोणी विचारत नाही.

अर्थात बुटकेपणामागे फक्त उपास नसतो. नुसत्या भाकरीने पोट भरतं, पण वाढ होत नाही. वारंवारच्या जुलाबांनी खाल्लेलं अंगी लागत नाही. तरीही ‘पुरेसं मिळतं का?’ या एका थेट प्रश्नावर माझा भरवसा नाही.

मी इथल्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रात) शनिवारी मदत करते. रांगेतल्या लोकांना विचारून देशातली भूक मोजता येणार नाही का? (वाचक, न्यू जर्सी)

रांग मोजता येईल, आणि तेही सोपं नाही. अमेरिकेतल्या फूड बँकांचं जाळं असलेल्या ‘फीडिंग अमेरिका’ने २०१४च्या अहवालासाठी ६० हजारांहून अधिक लाभार्थ्यांना प्रश्न विचारले आणि वर्षाला ४.६५ कोटी लोक मदत घेतात, असा अंदाज काढला. यातली खरी मेख अशी: दर आठवड्याला येणाऱ्या आजी तुमच्या सर्व्हेत सापडण्याची शक्यता वर्षातून एकदाच येणाऱ्यापेक्षा पन्नासपट. नुसती डोकी मोजली, तर सगळे कायमचेच गरजू वाटतील. म्हणून ‘किती वेळा येता?’ हे विचारावंच लागतं आणि नेहमी येणाऱ्यांच्या उत्तराला हिशेबात कमी वजन द्यावं लागतं. त्याच आजी बुधवारी चर्चमधूनही पिशवी नेत असतील, तर तेही धरायला हवं.

जे रांगेत येतच नाहीत त्यांचं काय? कोणाकडे गाडी नसते, कोणाची कामाची पाळी त्याच वेळेला असते, कोणाला लाज वाटते. त्यांच्यासाठी १९९५पासून तिथलं जनगणना खातं घरोघरचा सर्व्हे करत आलं आहे. त्यात मुलं असलेल्या घरांसाठी १८ आणि नसलेल्यांसाठी १० प्रश्न आहेत: किराणा संपेल याची धास्ती वाटली का, इथपासून पैशांअभावी अख्खा दिवस उपाशी राहिलात का, इथपर्यंत. पँट्रीची मदत घेतली का, हेही विचारतात. २०२३मध्ये १३.५ टक्के, म्हणजे १.८ कोटी घरं अन्नासाठी असुरक्षित (पुरेशा अन्नाची खात्री नसलेली) निघाली. पण रस्त्यावर राहणारे यात नाहीत. ते तुमच्याच रांगेत भेटतील. त्यामुळे दोन्ही सर्व्हे हवेत. सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या कृषी खात्याने घरोघरच्या सर्व्हेवरचे वार्षिक अहवाल थांबवण्याचं जाहीर केलं. मला तो निर्णय करंटेपणाचा वाटतो.

लंगर, अन्नछत्र, महाप्रसाद यांत जेवणारी माणसं आपल्या सर्व्हेत कुठे दिसतात? (वाचक, नांदेड)

दिसतात, पण अंधुक. घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात प्रत्येक माणसाची गेल्या ३० दिवसांतली बाहेरची जेवणं लिहितात. फुकटच्या जेवणांचे रकाने तीन: शाळा-बालवाडी, मालक आणि ‘इतर’. तुमच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर या ‘इतर’मध्ये जातो, आणि मेहुण्याकडचा पाहुणचारही तिथेच. गरजेपोटी कोण जेवलं हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. त्या मानाने सरकारी मदत ठळक दिसते: २०२२-२३मध्ये ग्रामीण भागातला दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता, मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली की ३,८६०.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या दाराला तर कुलूपच असतं. तिथे रकाने वाढवूनही भागणार नाही, फडावरच जायला हवं.

जागतिक भूक निर्देशांक फोनवर चार प्रश्न विचारून काढतात, हे खरं का? (वाचक, पुणे)

नाही. २०२१मध्ये केंद्र सरकारने असा आक्षेप घेतला होता, पण निर्देशांकात तसली मतचाचणी नाही. त्यात चार घटक आहेत: पुरेसे उष्मांक न मिळणाऱ्या लोकांचं प्रमाण, मुलांचा बुटकेपणा, मुलांची उंचीच्या मानाने कृशता आणि बालमृत्यू. आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्यावा: चारातले तीन घटक पाच वर्षांखालच्या मुलांचे आहेत, आणि त्यावरून सगळ्या देशाचा क्रमांक लावतात.