येशू देव आहे हे 325 साली नायसियाच्या धर्मसभेत (ख्रिस्ती बिशपांच्या बैठकीत) मतदानाने ठरलं, हे खरं आहे का?

नाही. व्हॉट्सॲपवर हे फार फिरतं, पण तारखाच जुळत नाहीत.

नायसियातलं भांडण वेगळंच होतं. अरियस नावाच्या पाद्र्याचं म्हणणं, पुत्र (म्हणजे येशू) सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण पित्याने (म्हणजे देवाने) निर्माण केलेला. विरोधक म्हणाले छे, दोघं एकाच तत्त्वाचे. येशू नुसता माणूस होता असं दोन्हीकडचं कोणीच म्हणत नव्हतं. (बायबलची पुस्तकं तिथे निवडली ही पण थापच.)

मी चर्चबाहेरच्या माणसापासून सुरू करतो. प्लिनी हा रोमन गव्हर्नर, आजच्या उत्तर तुर्कस्तानात, साधारण 112 साली सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारतो की ह्या ख्रिस्ती लोकांचं करू काय, आणि चौकशीत कळलेलं सांगतो की ही मंडळी ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. नायसियाच्या 200 वर्षं आधी! आणि हा गडी त्यांना मारत होता, त्यांची जाहिरात कशाला करेल?

त्याहून जुनी पौलाची, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाची, पत्रं. नव्या करारात शुभवर्तमानं (येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं) आधी छापलीत म्हणून लोकांना ती जुनी वाटतात, पण पत्रं त्यांच्या आधीची. करिंथकरांस पहिलं पत्र 54 च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. त्यात 15व्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला. म्हणजे हे शब्द पत्राच्याही आधी तोंडी फिरत होते. कोणाकडून मिळाले असतील? गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो यरुशलेमला केफाकडे 15 दिवस राहिल्याचं आणि येशूचा भाऊ याकोब भेटल्याचं सांगतो, तेही जाता जाता, भांडणाच्या भरात, म्हणून मला ते जास्त पटतं.

पण ह्याने श्रद्धा जुनी ठरते, घटना घडली असं नाही. येशू 500 जणांना दिसला असं पौल म्हणतो, त्यांतल्या एकाचंही नाव नाही, रिकाम्या कबरीचा तर उल्लेखच नाही. ती मार्कच्या शुभवर्तमानात येते, साधारण 70 साली, आणि चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत मार्क संपतो तो बायका घाबरून पळाल्या इथेच, येशू कोणाला दिसलाच नाही. पुढच्या 12 ओव्या नंतर जोडलेल्या. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याचा येशूबद्दलचा उतारा कोणी तोंडावर फेकला तर जपून, त्यात ख्रिस्ती नकलकारांनी हात मारलाय. त्यानेच याकोबाबद्दल लिहिलेली ओळ मात्र बहुतेक अभ्यासक अस्सल धरतात.