वाचकांचे प्रश्न : नवे शिलाई मशीन आणि गोधडीचे तीन थर

प्रश्न : मी अनेक वर्षे पायमशीनवर शिवत आले आहे. नुकतेच विजेवर चालणारे, संगणकीय पडद्याचे नवे मशीन घेतले. त्यावर साधी शिवण सुरेख येते. परंतु वरचे कापड, बॅटिंग (मधला मऊ भरावाचा थर) आणि अस्तर असे तीन थर एकत्र करून गोधडी शिवायला घेतली, की खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो आणि वरचे कापड सरकून चुण्या पडतात. बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) पुन्हा पुन्हा काढून बसवली, टेन्शनही (दोऱ्याचा ताण) बरेच फिरवून पाहिले. मशीनमध्येच दोष असेल का?

उत्तर : दोष मशीनमध्ये असण्याची शक्यता फार थोडी आहे. आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी असल्याने त्यांचा विचारही वेगवेगळा करू.

गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनला दोष देतो, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. टेन्शनच्या दोन चकत्या प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर असताना उघडतात आणि खाली आला की मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला, तर तो चकत्यांच्या मध्ये न बसता वरूनच निघून जातो. त्याला ताणच उरत नाही आणि प्रत्येक टाक्याला खाली गेलेला जादा दोरा परत वर खेचला न जाता अस्तराखाली साचत राहतो. पायमशीनवर या चकत्या डोळ्यांसमोर असत, त्यामुळे दोरा नीट बसला की नाही ते दिसत असे. नव्या मशीनमध्ये त्या आवरणाआड गेल्या आहेत, म्हणून जुन्या हातांचीही इथे फसगत होते. खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. फूट वर ठेवून सुईतून ओवलेला दोरा हलकेच ओढा, तो सहज सरकेल. आता फूट खाली करून तोच दोरा पुन्हा ओढा. या वेळी तो अडला पाहिजे, इतका की सुई किंचित वाकल्यासारखी दिसेल. तसे झाले नाही, तर सगळा दोरा काढून, फूट वर करून, पहिल्यापासून ओवा. फिरवलेले टेन्शन मशीनच्या मूळ आकड्यावर, म्हणजे बहुतेक घरगुती मशीनवर 4 च्या आसपास, आणून ठेवा. शिवण सुरू करताना हातचाक आपल्याकडे एक फेरा फिरवून बॉबिनचा दोरा वर काढून घ्यावा आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोके बोटांत धरून ठेवावीत.

चुण्या पडण्याचे कारण मात्र थेट तीन थरांत आहे. सुईखालचे दाते फक्त अस्तराला पुढे ढकलतात, तर वरच्या कापडाला फूट घासत अडवून धरतो. त्यामुळे ते फुटासमोर फुगत जाते आणि आडवी शिवण आली की तिथेच त्याची चुणी होते. यासाठी ‘वॉकिंग फूट’ वापरावा. त्याला स्वतःचे दाते असतात आणि ते वरच्या थरालाही खालच्याच गतीने पुढे नेतात. तो बसवताना त्याचा दुबेळकी दांडा सुई घट्ट करण्याच्या स्क्रूवर चढवायला विसरू नये, कारण सुईच्या वरखाली होण्यानेच त्याचे दाते हलतात. टाका 3 ते 3.5 मिलीमीटर ठेवावा, सुई 90 क्रमांकाची घ्यावी आणि शिवण मध्यापासून कडांकडे न्यावी. थर आधी मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिनांनी टाचून घ्यावेत. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : गोधडीचा भार टेबलाखाली लोंबत असेल, तर तो कापड मागे खेचतो आणि टाके मध्येच बारीक होतात. डाव्या हाताला एक खुर्ची ओढून तिच्यावर तो भार ठेवा.

प्रश्न : पाव इंचाची खूण पाहून शिवते, तरी तुकडे जोडून झाल्यावर ओळी एकमेकींना जुळत नाहीत. असे का होते?

उत्तर : शिवण मोडून इस्त्री केली, की घडीच्या जाडीत थोडे कापड जातेच, त्यामुळे जोडकामात शिवण पाव इंचाहून दोऱ्याभराने कमी ठेवावी लागते. फरक बारीक वाटतो, पण 12 तुकड्यांच्या ओळीत 11 शिवणी येतात आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडांचा मिळून केवळ एक मिलीमीटर जास्त गेला, तरी ओळ एक सेंटिमीटराहून अधिक आखूड होते. पट्टीवरच्या खुणेपेक्षा कापडाचा कौल घ्यावा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली, तर आपली शिवण योग्य आहे. कमी भरली तर सुई एक-दोन घरे उजवीकडे सरकवा. ही सोय नव्या मशीनवर बहुधा असते.

प्रश्न : मोकळ्या हाताने नक्षी शिवताना टाके कुठे लांब तर कुठे अगदी बारीक येतात.

उत्तर : या प्रकारात दाते खाली उतरवलेले असतात, म्हणजे टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, पॅडलचा वेग आणि हातांचा वेग यांच्या मेळातून ती ठरते. नवशिकी मंडळी भीतीपोटी मशीन हळू चालवतात आणि हात मात्र झपाट्याने फिरवतात, तेव्हा टाके लांब येतात. मशीनमध्ये वेगमर्यादेची कळ असेल, तर ती मध्यावर ठेवून पॅडल पूर्ण दाबा. मग एकच वेग, हातांचा, सांभाळायचा उरतो. वळणावर अस्तरावर पापण्यांसारखे दोरे उमटत असतील, तर हात तिथे घाई करत आहेत किंवा वरचा ताण कमी पडतो आहे.

इथे माझीच एक फजिती सांगते. या कामाचा फूट कापडापासून जरासा अधांतरी असतो, त्यामुळे तो खाली केला आहे की नाही हे चटकन कळत नाही. मी एकदा तो वरच ठेवून वीतभर नक्षी मोठ्या झोकात शिवली आणि उलटून पाहिले, तर अस्तरावर दोऱ्याचे जाळे; शिवायला पाच मिनिटे लागली होती, उसवायला संपूर्ण दुपार गेली. म्हणून खऱ्या गोधडीला हात लावण्यापूर्वी त्याच कापडाचा, त्याच बॅटिंगचा फूटभर चौकोन तयार करून रोज पंधरा मिनिटे त्यावरच शिवावे, आणि सुरुवात करताना फुटाचा दांडा खाली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे.