नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मोबाइल गेममधून वॉर्डातलं काम शिकवता येतं का? कोणता गेम वापरावा?

येतं. ‘मोबाइल’ म्हटलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्या प्राचार्यांनीही हे वाचावं.

मी लातूरकडच्या एका खासगी कॉलेजात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पोरींना शिकवते. फर्स्ट इयरला सलाईनच्या थेंबांचं गणित आलं की निम्म्या गारठतात. फॉर्म्युला पाठ असतो, पण बाटली समोर टांगली की डोकं चालत नाही. म्हणून मी कहूट या मोबाइलवरच्या क्विझ-गेमवर प्रश्न टाकू लागले. पेशंट, बाटली, सेट (सलाईनची नळी; एका मिलीचे ती जेवढे थेंब पाडते, तेवढ्याचा सेट), वेळ; वीस सेकंदांत उत्तर. पुढं हॉस्टेलवर चहाच्या पैजा लागू लागल्या.

मग सरकारी दवाखान्यात पोस्टिंग. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "५०० ची बाटली ८ तासांत संपवायची, सेट २० थेंबांचा. मिनिटाला किती?" केजकडची एक पोरगी, एरवी तोंड न उघडणारी, कागद न घेता म्हणाली, "एकवीस." सिस्टरांनी लगेच लेकराचं विचारलं. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांचा ६० चा सेट, तासाला ४० मिली? "चाळीसच. ६० च्या सेटला जेवढे मिली तेवढेच थेंब." हे मी शिकवलंच नव्हतं. खेळता खेळता तिचं तिलाच सापडलं होतं.

आणि आमच्या प्राचार्या? "मॅडम, पोरी मोबाइल घेऊन काय करायल्यात?" दुसऱ्या दिवसापासून सगळे मोबाइल पेटीत, वर कुलूप. निकाल चांगला लागला तेव्हा श्रेय शिस्तीला.

गेमच्या नावाला महत्त्व नाही. चुकल्यावर का चुकलं ते सांगणारा घ्या, नुसते पॉइंट कापणारा नको. थेंब, डोस, चार पेशंटपैकी आधी कुणाकडं धावायचं, एवढं त्यातून छान बसतं.

शीर मात्र स्क्रीनवर सापडत नाही, ती बोटालाच लागते. सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देणं) ३०:२, म्हणजे ३० दाब नि २ श्वास, पाठ होईल, पण छाती ५ सेंटीमीटर दाबायची म्हणजे किती, हे डमीवर घाम गाळल्याशिवाय कळत नाही. त्यामुळं गेम आहे म्हणून पोस्टिंगचे तास कापणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. वॉर्डात मोबाइल बंदच हवा. पेशंटचा फोटो काढणारीला मी स्वतः घरी पाठवीन.

तरी कुणी आडवं आलंच तर वाद घालत बसू नका. त्यांनाच विचारा, लिटरची सलाईन, १२ तास, सेट २० चा, मिनिटाला थेंब किती? आमच्या मॅडमनी कॅल्क्युलेटर मागितला होता.

उत्तर २८.