समोर असूनही दिसत नाही

"वस्तू डोळ्यांसमोर असते आणि तरी मला दिसत नाही, ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात तर नसेल ना?" समुपदेशक म्हणून काम करताना पन्नाशी ओलांडलेली माणसे हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. अशाच एका गृहिणीची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

त्यांच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता आणि अखेरपर्यंत त्यांचे सगळे यांनीच केले होते. पुढे घरातील ओटा, ट्रॉली, फळ्या असे सगळे स्वयंपाकघर नव्याने करून घेतले आणि तेव्हापासून यांना रोज काही ना काही सापडेनासे झाले. चहापूड तर हमखास. ती वरच्या फळीवर समोरच असे. त्या फळीवरून नजर फिरवत, मग खालचे कप्पे उपसत आणि शेवटी सून येऊन बरणी हातात देई. "काखेत कळसा नि गावाला वळसा" असे म्हणून घरचे हसत, आणि या मात्र रात्री सासूबाईंचे शेवटचे दिवस आठवून जाग्या राहत.

मी त्यांना विचारले, "ताई, चहापूड कुठे ठेवली आहे हे आठवत नाही, की आठवूनही दिसत नाही?" त्यांनी फळी, बरणीची जागा, तिच्या शेजारी साखर आणि पलीकडे पोहे, असे सगळे न अडखळता सांगितले. म्हणजे आठवण शाबूत होती. बोलता बोलता कळले की चहापूड वर्षानुवर्षे झाकणाला पोचा आलेल्या एका स्टीलच्या डब्यात असे आणि नव्या फळ्यांबरोबर काचेच्या बरण्या आल्या. त्यांचे डोळे अजून तो डबाच शोधत होते.

शोधताना आपली नजर प्रत्येक वस्तूवर सारखी थांबत नाही. काय हवे आहे याचा एक नमुना मेंदू मनाशी धरतो, ते पूर्वी कुठे आणि कोणत्या रूपात सापडले होते यावरून लक्ष कुठे द्यायचे हे ठरवतो आणि बाकीचे मागे सारतो. मार्विन चुन आणि युहाँग ज्यांग या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पडद्यावरच्या अनेक 'एल' अक्षरांमधून एक 'टी' शोधायचा होता. काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत होत्या आणि त्यांत लोकांना 'टी' लवकर सापडू लागला. पण यातली कोणती मांडणी आधी पाहिली होती, हे विचारल्यावर त्यांना ओळखता येईना. पूर्वानुभव असा नकळत काम करतो, म्हणूनच मांडणी बदलल्यावर आपली चूक कुठे होते आहे हेही आपल्याला कळत नाही.

यात नजर कमी पडते असेही नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टांपैकी 20 जणांना त्याच चित्रांत मुद्दाम घातलेला गोरिला दिसला नाही, आणि तो न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडली होती, हे डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीवरून कळले. ते त्यांच्या कामात तरबेज होते. त्यांचे लक्ष गाठींच्या नमुन्याला बांधलेले होते. हे ऐकल्यावर त्या बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मी बघते, पण डब्यासाठी बघते."

आम्ही केले ते अगदी साधे होते. शोधण्याआधी वस्तूचे आताचे रूप, म्हणजे "काचेची बरणी, लाल झाकण", मोठ्याने म्हणायचे, आणि नवी सवय लागेपर्यंत घरातल्या कोणीही बरण्या हलवायच्या नाहीत. वस्तूचे नाव उच्चारल्याने ती काही वेळा लवकर सापडते, असे प्रयोगांतही दिसले आहे. घरच्यांशी मी वेगळे बोलले, कारण चेष्टेने काळजी वाढते आणि घाईघाईने शोधणारा माणूस जुन्याच जागी पुन्हा पुन्हा पाहत राहतो. काही आठवड्यांत चहापूड विनासायास सापडू लागली.

तरीही केवळ माझ्या शब्दावर कोणी निर्धास्त राहावे, हे मला मान्य नाही. मी त्यांना थायरॉइड, ब-12 जीवनसत्त्व आणि डोळे तपासून घ्यायला सांगितले होते. ब-12 कमी निघाले आणि डॉक्टरांनी त्यावर औषध सुरू केले. वस्तू भलत्याच जागी ठेवली जाणे, जसे की किल्ल्या फ्रीजमध्ये, आणि ती तिथे ठेवल्याचे सांगूनही न आठवणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे, तेच तेच पुन्हा विचारणे, यांपैकी काही दिसू लागले तर समुपदेशकाची वेळ घेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि शक्यतो घरातल्या एखाद्या माणसाला सोबत न्यावे, कारण असे बदल रुग्णाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येतात.