‘ओरिजिनल डायल’ म्हणून विकलेले घड्याळ आणि आलेली नोटीस

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी आहे. आपले वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांनी 1966 साली परदेशात घेतलेले ओमेगा सीमास्टर हे मनगटी घड्याळ आपण पुण्याहून हर्णैला आलेल्या, जुन्या घड्याळांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांना 62,000 रुपयांना विकले. व्यवहाराआधी आपण व्हॉट्सॲपवर ‘डायल ओरिजिनल आहे’ असे लिहिले होते. त्या गृहस्थांनी आपल्या ओटीवर बसून, स्वतःचे भिंग डोळ्याला लावून घड्याळ पाहिले, मागचे झाकण उघडून मशीन तपासले, घासाघीस करून किंमत खाली आणली आणि घड्याळ नेले. चार महिन्यांनी त्यांच्या वकिलांची नोटीस आली. डायल पुन्हा रंगवलेली आहे, सबब पूर्ण रक्कम आणि एक लाख रुपये भरपाई पंधरा दिवसांत द्यावी, अन्यथा फसवणुकीचा गुन्हा व ग्राहक तक्रार दाखल करू, असे तीत म्हटले आहे. नोटीस वाचून दाखवल्यावर आपल्या आईंना आठवले की आपल्या बहिणीच्या लग्नाआधी वडिलांनी ते घड्याळ दापोलीच्या घड्याळजीकडून ‘नवे करून’ आणले होते. ही गोष्ट उत्तरात लिहावी की लपवावी, असे आपण विचारता.

लपवू नये. विक्रीच्या दिवशी आपल्याला काय ठाऊक होते, यावर आपला सगळा बचाव उभा आहे. आज कळलेली गोष्ट त्या दिवसाच्या प्रामाणिकपणाला बाधा आणत नाही. परंतु आज ती ठाऊक असूनही आपण ‘डायल मूळचीच आहे’ असे उत्तरात ठामपणे लिहिले, तर तो प्रामाणिकपणा आपण स्वतःच्या सहीने घालवून बसाल.

गुन्ह्याच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणुकीसाठी व्यवहाराच्या वेळीच लबाडीचा हेतू असावा लागतो, आणि वडिलांकडून आलेली वस्तू जशी होती तशी, झाकण उघडू देऊन विकणाऱ्या माणसाचा असा हेतू दाखवणे सोपे नाही. ग्राहक आयोगाचे दारही त्यांना बहुधा बंदच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि घरातील एक जुनी वस्तू एकदाच विकणारे आपणही व्यापारी नाही.

खरा प्रश्न दिवाणी आहे, आणि तेथे आपली बाजू आपल्याला वाटते तितकी भक्कम नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 18 नुसार, एखादी गोष्ट खरी आहे असे मनापासून मानूनही, हाती असलेल्या माहितीचा पुरेसा आधार नसताना ती ठामपणे सांगितली आणि ती खोटी निघाली, तर ते चुकीचे कथन ठरते. ‘वडिलांचे घड्याळ आहे’ हे आपल्याला माहीत होते; ‘डायल ओरिजिनल आहे’ हे आपण गृहीत धरले होते. असे कथन झाले असेल तर कलम 19 प्रमाणे करार रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो. मात्र त्याच कलमातील अपवाद आपल्या उपयोगाचा आहे: साधारण काळजी घेतल्यावर खरी स्थिती कळून येण्याजोगी असेल, तर चुकीच्या कथनाच्या आधारे करार रद्द करता येत नाही. भिंग घेऊन आलेला आणि याच धंद्यातला माणूस नवखा असल्याचे सोंग घेऊ शकत नाही.

वस्तू विक्री कायदा, 1930 चे कलम 15 वर्णनानुसार केलेल्या विक्रीला लागू होते आणि ते खासगी विक्रेत्यालाही सोडत नाही. पण कलम 13 आणि 42 एकत्र वाचले, तर माल स्वीकारल्यानंतर खरेदीदाराला एरवी तो परत करता येत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. नोटिशीतच त्यांनी ‘घड्याळाची केस पॉलिश केली व काच बदलली’ असे नमूद केले आहे. मालकासारखे वागल्यावर ‘माल स्वीकारलाच नव्हता’ असे म्हणता येत नाही. त्यांच्या वकिलांनी ते वाक्य का घातले, हे मला कळलेले नाही. आपण मात्र ते अधोरेखित करून ठेवावे.

आता डायलविषयी. नोटिशीत दोन कारणे दिली आहेत: तळाशी ‘स्विस मेड’ या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ नाही, आणि डायल ‘वयाच्या मानाने फार स्वच्छ’ आहे. ‘टी’ म्हणजे चमकत्या रंगात ट्रिटियम (रंग अंधारात चमकवणारा किरणोत्सर्गी पदार्थ) असल्याची खूण. त्याआधी रेडियम वापरत, आणि तशा डायलवर ही खूण नसते. साठीच्या दशकात हा बदल होत गेला, म्हणून केवळ ‘टी’ नसणे पुरेसे नाही. मशीनवरील क्रमांकावरून घड्याळ कधी बनले ते आधी ठरवावे लागेल. दुसरे कारण अधिक वजनदार आहे. खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या घड्याळात किल्लीच्या आणि काचेच्या कडेने ओल शिरते व डायलवर कडेकडून डाग पडतात. इतकी वर्षे हर्णैत काढलेली डायल कोरी दिसत असेल, तर शंका रास्त आहे. याशिवाय भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरलेल्या आहेत का, मिनिटांच्या रेषा आणि वर बसवलेले आकडे एका ओळीत येतात का, डायलच्या कडेला रंगवताना पकडण्यासाठी पाडलेली खाच आहे का, आणि काट्यांवरील रंग डायलवरील रंगाशी जुळतो का, हे पाहावे लागते. ट्रिटियमचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यास लागणारा काळ) सुमारे 12.3 वर्षे असल्याने साठ वर्षांपूर्वीचा रंग अंधारात स्वतःहून जवळजवळ उजळत नाही. दिवा दाखवल्यावर तो लख्ख आणि बराच वेळ चमकत राहिला, तर तो नंतर भरलेला असण्याचा संभव मोठा. (रंग रेडियमचा असेल तर तो कोणी खरवडू नये, रेडियमचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षे टिकतो.) कंपनीच्या जुन्या नोंदींचा उतारा कोणी पुढे केला, तर तो घड्याळ कधी बनले यासारखी कारखान्यातील नोंद सांगेल. आज त्यात असलेली डायल मूळचीच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

‘नवे करून आणले’ म्हणजे डायल रंगवली, असेही लगेच धरू नये. केवळ साफसफाई आणि केसचा मुलामाही असू शकतो. वडिलांचा हात स्पष्ट दिसतो असा त्या लग्नाआधीचा फोटो घरात असेल, तर तो शोधा. आणि विक्रीपूर्वी आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो काही झाले तरी पुसू नका. मध्यंतरी केस उघडलेली, काच बदललेली आहे. आज दाखवली जाणारी डायल आपण विकलेलीच आहे, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे. हे संदेश न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र लागेल, म्हणून तो फोन बदलू अथवा विकू नका.

उत्तर मुदतीत, वकिलामार्फत आणि नोंदणीसह स्पीड पोस्टाने द्यावे. कथन प्रामाणिक समजुतीने केले होते, खरेदीदाराने स्वतः तपासणी केली होती, वडिलांच्या हयातीत एकदा दुरुस्ती झाल्याचे नोटिशीनंतर कळले आहे, तिचे स्वरूप माहीत नाही, आणि दोघांना मान्य असलेल्या तज्ज्ञ घड्याळजीकडून दोन्ही पक्षांसमक्ष तपासणीस आपण तयार आहात, एवढेच त्यात असावे. आरोपांना आरोपांनी उत्तर देऊ नये.

तपासणीत डायल रंगवलेली निघाली, तर माझ्या मते दावा लढवण्यापेक्षा मूळ डायल आणि रंगवलेली डायल यांच्या बाजारभावातील फरक देऊन मोकळे व्हावे. लाखाच्या भरपाईला आधार दिसत नाही. त्यांना पूर्ण रक्कमच हवी असेल, तर घड्याळ परत घेऊनच ती द्या, आणि पैसे देण्याआधी मशीनवरील क्रमांक आपल्या जुन्या फोटोंतील क्रमांकाशी ताडून पाहा. तडजोडीच्या कागदावर तो क्रमांक, केसची सद्यःस्थिती आणि ‘यापुढे दिवाणी अथवा फौजदारी तक्रार राहिलेली नाही’ हे वाक्य असावे, आणि त्यावर वकिलांच्या नव्हे, तर खुद्द खरेदीदाराची सही घ्यावी.